कोरोमातुआला सांगा

बाबांची काठी त्या सकाळी पायरीवर आडवी पडली होती, आणि ती तिथे कोणी ठेवली हे तोरिकाला कोणाला विचारावं लागलं नाही. हातात दिली नव्हती, म्हणजे इसिकेलीनेच ठेवली. भाऊ बहिणीच्या हातात काही देत नाही आणि बहीण भावाच्या हातातून काही घेत नाही. मध्ये जमीन लागते, पायरी लागते, नाहीतर तिसरा माणूस लागतो. तोरिका अकरा वर्षांची झाली त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे चांगली वीस वर्षं, ही सख्खी भावंडं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. भांडण? छे! भांडण असतं तर कडाकडा बोलली असती. हा मान. नावुती गावात ज्याला बहिणीचा मान ठेवायचा असतो तो तिच्याशी तोंड उघडत नाही, आणि इसिकेलीइतका मान ठेवणारा भाऊ अख्ख्या बेटावर शोधून सापडला नसता.

तिने काठी उचलली. सुरूच्या लाकडाची, वरचं टोक बाबांच्या तळहाताने गुळगुळीत झालेलं. ही काठी घेऊन बाबांनी तीस वर्षं पाहुण्यांना कोरोमातुआ डोंगर दाखवला, त्यांच्यामागे नऊ वर्षं इसिकेलीने. आता इसिकेलीला म्हणे डोंगराचा कंटाळा आला होता. पलीकडच्या खाडीतल्या रिसॉर्टची होडी चालवायला तो निघाला होता. गावात हे कोणालाच पटलं नाही, पण दुसरं काही कारणही कोणाला सुचेना.

मग डोंगर कोणाकडे? आदल्या दिवशी, रविवारी, चर्च सुटल्यावर गावप्रमुख पेनायाने हा प्रश्न टाकला, तेव्हा मागच्या बाकावरून तोरिका उठली आणि म्हणाली, "माझ्याकडे." बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. पुरुष खाकरले. इसिकेली खिडकीबाहेर बघत राहिला, कारण बहीण बोलत असताना दुसरीकडे बघणंच रीतीचं.

पेनाया सावकाश बोलणारा माणूस, एका वाक्यात दोनदा श्वास घेणार. तो म्हणाला, "उद्या रिसॉर्टकडून एक पाहुणी येतेय. तिला माथ्यावर नेऊन आण. इसिकेली मागून येईल आणि बघेल. संध्याकाळी सभागृहात तो 'हो' म्हणाला तर डोंगर तुझा. 'नाही' म्हणाला तर वाइसाकेचा. रिसॉर्टला उद्याच नाव कळवायचंय, तेव्हा पुन्हा संधी नाही."

वाइसाके म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा. आतेभाऊ-मामेबहिणीचं नातं भावा-बहिणीच्या बरोब्बर उलटं. तिथे मान नावाची वस्तूच नाही. दोन दिवस चिडवलं नाही तर लोक विचारतात, का रे, रुसलात का? सोमवारी सकाळी तो नीरफणसाच्या झाडाखाली उकडलेला कसावा चावत बसूनच होता.

"अगं तोरिका, वर चाललीसच तर माझ्यासाठी सपाट जागा बघून ठेव. डोंगर माझा झाला की वर दोन खुर्च्या टाकणार आहे. एक पाहुण्याला, एक मला झोपायला."

"तुला वर न्यायलाच चार माणसं लागतील. डुकरासारखं बांबूला उलटं बांधून."

"चालेल की! दोर तेवढा तू आण."

"तोंड बांधायलाही आणते."

पायरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या इसिकेलीच्या गालावर हसू आलं. ते लपवायला तो समुद्राकडे वळला. तोरिकाने ते कडेच्या नजरेने टिपलं आणि तिला बरं वाटलं.

पाहुणी होडीतून उतरली तीच टोपी काढून काखेत मारून. गावात शिरताना डोकं उघडं ठेवायचं हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. पिल्लैबाई नाव, लौतोका शहरात मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली, वय एकाहत्तर, पिंढऱ्या अजून फुटबॉल खेळणाऱ्या पोरासारख्या. गावाची भाषा त्या गावकऱ्यांपेक्षा स्वच्छ बोलत होत्या.

"पहिली नोकरी वालोसी बेटावर," त्या तोरिकाला म्हणाल्या. "सेहेचाळीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी शाळा सुटली की हा तुमचा डोंगर समोर दिसायचा. पोरांना सांगायचे, एक दिवस मी तिथे चढेन आणि तिथून तुमची शाळा बघेन. पोरांना शब्द दिलेला राहून गेला बघ." मग त्यांनी मागे उभ्या इसिकेलीकडे पाहिलं, तोरिकाकडे पाहिलं, दोघांची सारखी रुंद कपाळं पाहिली. "भाऊ-बहीण का? मग आज टपाल मीच वाहायचं. चला."

काम तोरिकाच्या हातात आलं तशी तिची छाती भरून आली. घाबरायची तिला सवयच नव्हती. ही वाट तिने आठव्या वर्षी बाबांच्या मागे चालून पाठ केली होती. इसिकेली पुढे, ती मागे, मध्ये बाबा. बाबा दोघांनाही एकच गोष्ट शिकवायचे: वाटाड्याने मागे वळून बघायचं नाही, मागच्यांना कानांनी बघायचं. कोणाचा श्वास वाढला, कोणाचा पाय घसरतोय, कोण गप्प झालं. गप्प झालेल्याची काळजी आधी घ्यायची.

दालोच्या कंदांचे वाफे मागे पडली आणि झाडी सुरू झाली, तसं टपालही सुरू झालं.

"बाई," इसिकेली मागून म्हणाला, "पुढे जी चाललीय तिला सांगा, वेग फार आहे."

"तोरिका, तुझा वेग फार आहे."

"मागून जे येतायत त्यांना सांगा, बाईंना धाप लागलेली नाही. माझा कान आहे त्यांच्या श्वासावर."

"इसिकेली, मला धाप लागलेली नाही. हे मलाही आत्ताच कळतंय."

"बाई, तिला सांगा, पुढे ओढ्याच्या दगडांवर शेवाळ आहे."

"त्यांना सांगा, शेवाळ परवाच मी कोयत्याने खरवडून काढलंय."

"घे इसिकेली. खरवडलंय." बाईंना मजा यायला लागली होती. "मला आयुष्यभर पोरं म्हणायची, बाई, हा मला असं म्हणाला, बाई, ती मला तसं म्हणाली. निवृत्त झाले तरी सुटका नाही."

ओढा ओलांडल्यावर तोरिकाचा कान बाईंवरून आपोआप मागे गेला. आणि तिथे काहीतरी चुकत होतं. इसिकेलीचं पाऊल तिला पाठ होतं. वीस वर्षं ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला माणूस पावलांनीच ओळखतो. रात्री तो घरी आला, सकाळी निघाला, आज रागात आहे, आज खुशीत आहे, सगळं पावलांवरून. भरलेलं, सारखं, जमिनीला ठाम सांगणारं पाऊल. आज मात्र एक पाऊल भरलेलं पडत होतं आणि दुसरं रिकामं. एक भरलेलं, एक रिकामं. चढ आला की मधे एक छोटासा थांबा.

डावा गुडघा. तिने शंभर पावलं ऐकली आणि तिची खात्री झाली. ईस्टरच्या रग्बीच्या सामन्यात तो त्याच पायावर पडला होता, हसत हसत उठला होता, आणि नंतर आठवडाभर जाळी विणत घरात बसला होता. जाळी! जाळी विणायचा ज्याला कायम कंटाळा, तो आठवडाभर जाळी विणत बसला आणि बहिणीला काही वाटलं नाही. तिला स्वतःचाच राग आला.

जुन्या इवीच्या झाडाजवळ वाट फुटते. डावीकडची दगडी, उभी, जवळची. उजवीकडची केवड्याच्या बनातून लांबून जाणारी, मऊ. तोरिका उजवीकडे वळली.

"बाई, तिला सांगा, बाबांची वाट डावीकडची."

"त्यांना सांगा, डावीकडची वाट बाबांनी तरण्या पाहुण्यांसाठी ठेवली होती."

"म्हणजे मी म्हातारी?" बाई थांबल्या.

"बाई, असं मी कुठे म्हटलं?"

"तूच म्हटलंस. टपालातूनच आलं." पण बाई हे बोलून मागे वळल्या, इसिकेली एका फांदीला धरून कसा उभा आहे ते त्यांनी पाहिलं, आणि त्या मुकाट्याने उजवीकडे निघाल्या. आयुष्यभर वर्ग सांभाळलेली बाई ती; कोण काय लपवतंय हे तिला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं.

खांद्यावर पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. खांदा म्हणजे माथ्याखालचं गवताळ पठार. तिथून वर दीड पुरुष उंचीचा कातळ, त्याला नाक म्हणतात; खाचा पाडलेल्या आहेत, दोर सोडलेला आहे. नाक चढलं की माथा दहा मिनिटांवर. माथ्यावर आज ढगाची टोपी होती, पण ती अधूनमधून उचलली जात होती.

"बाई, तुम्ही इथे बसा, पाणी प्या. पाहुण्याला न्यायच्या आधी दोर बघायचा असतो. बघते आणि येते."

हे खरंच होतं, बाबांचा नियमच होता. पण तिच्या मनात दुसरंही होतं: इसिकेली बाईंसोबत बसेल, गुडघ्याला आराम मिळेल. मनात आलेलं भावाला सांगता येत नाही, तिथेच सगळी गंमत होते. इसिकेली बाईंना म्हणाला, "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सभागृहात तोंड उघडणार नाही," आणि निघाला तिच्या मागे. हट्टी! बाबांवर गेलेला.

तोरिका सरसर वर चढली. वरच्या खुंटाला बांधलेली गाठ तपासली, दोराला झोका देऊन बघितला. उत्तम होता. तेवढ्यात दोर ताठ झाला; खालून इसिकेलीने धरला होता. एक पाऊल. दुसरं पाऊल. मग काहीच नाही.

तिने वाट बघितली. काहीच नाही. जो गप्प होतो त्याची काळजी आधी.

तिने वाकून खाली बघितलं. इसिकेली दोन्ही हातांनी दोराला लोंबकळत होता. डावा पाय दुसऱ्या खाचेत अडकून गुडघ्यात आखडला होता, उजवा हवेत खाच शोधत होता आणि सापडत नव्हती. कपाळ कातळाला टेकलेलं. घाम मानेवरून ओघळत होता. त्याच्या पाठीमागे उतार सरळ झाडीत जात होता. आणि हा बाप्या हूं की चूं करायला तयार नाही!

तोरिकाने तोंड उघडलं आणि मिटलं. हसू नका. वीस वर्षांची सवय जिभेवर दगड होऊन बसते. बाई पठाराच्या दुसऱ्या टोकाला, वारा उलटा, हाक पोचायची नाही. मध्ये तिसरा माणूस नव्हता.

नव्हता कसा? दोघांच्या पायांखाली होता की!

"ए कोरोमातुआ!" ती ओरडली. "तुझ्या नाकाला जो लोंबकळलाय त्याला सांग, उजवा पाय वीतभर खाली आणि थोडा बाहेर. खाच तिथे आहे."

खाली हालचाल झाली. पाय वीतभर खाली गेला. खाच सापडली.

"आता त्याला सांग, सगळा भार उजव्यावर दे. डावा पाय हाताने सोडव. घाई नाही. दोर पक्का आहे, मी आत्ताच बघितलाय."

इसिकेलीने एक हात दोरावरून सोडला, गुडघ्यामागे घातला आणि पाय सोडवला. दात एकमेकांवर घासल्याचा आवाज वरपर्यंत आला.

"कोरोमातुआ, सांग त्याला, अजून एक खाच, मग गवत."

तो गवतावर उतरला आणि जागीच बसला. तोरिका उतरली, त्याच्यापासून चार हातांवर, त्याच्याकडे पाठ करून बसली. दोघंही डोंगराकडे बघत होती, एक इकडच्या कातळाकडे, एक तिकडच्या.

"कोरोमातुआ, विचार जरा. गुडघा ईस्टरपासूनच असा आहे ना?"

मग जाडा, खरखरीत आवाज आला. अकरा वर्षांच्या तोरिकाशी इसिकेली शेवटचा बोलला तेव्हा तो आवाज नुकता फुटायला लागला होता. "कोरोमातुआ, विचारणारीला सांग, हो."

"मग दवाखाना?"

"सांग, नाही दाखवला. दाखवला की गावभर होतं. गावभर झालं की रिसॉर्टला कळतं. लाटेत उडी मारून होडी ओढायला लंगडा कोण ठेवेल? घरात तीन पोरं आहेत."

"आणि तो डोंगराचा कंटाळा?"

"कंटाळा कसला, कोरोमातुआ!" इसिकेलीचा आवाज फाटला. "तुला माहीत नाही का? तुझा कंटाळा येईल होय मला? रडलो मी काठी पायरीवर ठेवताना. तेही सांग तिला. सांगायचंच तर सगळं सांग."

तोरिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. भाऊ मागे होता, दिसणार कोणाला? आपला भाऊ एवढं ओझं घेऊन चार महिने घरात वावरला, आणि आपण शेजारच्या खोलीत! तिला त्याची दया आली, त्याच्याविषयी माया दाटून आली.

"कोरोमातुआ, सांग त्यांना, कोणाला कळणार नाही. डोंगर कधी कोणाला काही सांगतो का?"

"मग तिला सांग, पाहुणीला घेऊन माथ्यावर जा. मी इथे बसतो."

तिने आभाळाकडे बघितलं. तो इथे बसला, तर संध्याकाळी पेनाया विचारणार, 'तू माथा बघितलास?' आणि इसिकेली खोटं बोलणार नाही, ते त्याला येतच नाही. म्हणजे सगळं बाहेर. शिवाय दुपारपर्यंत पाऊस येणार हे तिला वाऱ्याच्या वासावरून कळत होतं; ओल्या वाटेवर त्या गुडघ्याने उतरणं म्हणजे आफतच. उतरायचं तर आत्ता, सावकाश, आणि काठी घेऊन.

"सांग त्यांना, आज माथा बंद."

"डोंगर जाईल तिचा! वाइसाके खुर्च्या टाकेल!"

"टाकू दे," तोरिका म्हणाली. बाबांचा डोंगर, तो आपला व्हावा असं तिला आठव्या वर्षापासून वाटत होतं. पण पाहुणा असो की भाऊ, मागे चालणाऱ्याला धड घरी आणायचं, यात तिला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. तिने काठी कातळाला टेकवून ठेवली आणि मागे न बघता पठाराकडे निघाली. थोड्या वेळाने काठीचा आवाज मागून यायला लागला. टक, पाऊल. टक, पाऊल.

"बाई, माथ्यावर नाही जायचं."

"का गं? मी ठणठणीत आहे!"

"आहात. पण शाळा बघायचीय ना तुम्हाला? माथ्यावर ढग आहे. या माझ्यासोबत."

पठाराच्या पश्चिमेच्या कडेला, झुडपं बाजूला सारून, तिने त्यांना एका सपाट दगडावर नेलं. बाबा डबा तिथे खायचे. पाहुण्यांना तिथे कोणी आणत नसे, कारण पाहुण्यांना माथा हवा असतो. डोक्यावर ढग, आणि ढगाच्या खाली समुद्र लख्ख उघडा. प्रवाळाच्या कडेला फेसाची पांढरी रेघ, आत हिरवं पाणी, बाहेर गर्द निळं. त्याच्या पलीकडे वालोसी, दक्षिणेकडच्या टोकाला लाल ठिपका.

"छप्पर अजून लालच आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांचे ओठ हलायला लागले. तोरिकाला वाटलं प्रार्थना करतायत. नीट ऐकलं तर त्या हजेरी घेत होत्या. अकेसी. तिमोदी. लुसियाना. रामेंद्र. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची एकोणीस नावं, एकही न अडखळता, आणि प्रत्येक नावानंतर उत्तराला पुरेल एवढी जागा. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, टोपी नीट बसवली आणि तोरिकाचा हात घट्ट दाबला.

"तू काठी विसरलीस," उतरायला लागल्यावर त्या म्हणाल्या.

"नाही विसरले, बाई."

बाईंनी मागे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

गावाच्या वेशीवर इसिकेलीने काठी नीरफणसाच्या बुंध्याशी ठेवली आणि पाठ ताठ केली. तोरिकाने ती उचलून घेतली. पाऊस त्यांच्या मागोमाग गावात शिरला.

संध्याकाळी चारला सभागृहात केवड्याच्या चटयांवर सगळे जमले. लाकडी काठवटीत यांगोना, म्हणजे मुळांच्या पुडीचं मानाचं पेय, कालवलं होतं, करवंटी फिरत होती, टाळ्या पडत होत्या. पुरुष पुढे, बायका मागे, आणि पाहुणी म्हणून पिल्लैबाई मधोमध. होडी पाचला होती. पेनायाने करवंटी रिकामी केली, तोंड पुसलं आणि दोनदा श्वास घेतला.

"तोरिका. पाहुणी माथ्यावर पोचली?"

"नाही, काका."

कुजबुज झाली. वाइसाके म्हणाला, "दोन खुर्च्या!" आणि काहीजण हसले.

"पाऊस लागला?"

"तेव्हा नव्हता."

"पाहुणी थकली?"

"मुळीच नाही!" बाई म्हणाल्या आणि जीभ चावली.

"मग काय झालं?"

"मी परत फिरले."

"का?"

तोरिका चटईच्या काठाकडे बघत बसली. एक वाक्य बोललं असतं तर डोंगर तिचा होता. भावाचा गुडघा गेलाय, त्याला उतरवून आणायचं होतं. अख्खं सभागृह हळहळलं असतं. पण भरल्या सभेत भावाला खाली बघायला लावायचं? तिने मान हलवली. "फिरले. दुसरं काही नाही."

वाइसाकेने तिचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू गेलं. आयुष्यभर जिला चिडवलं तिचा खरा चेहरा आणि लपवाछपवीचा चेहरा त्याला वेगळे कळत होते.

"इसिकेली," पेनाया म्हणाला, "तू बघितलंस. हो की नाही?"

इसिकेली पिल्लैबाईंकडे झुकला. त्याचा आवाज बसला होता. "बाई, प्रमुखांना सांगा..."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा मुख्याध्यापिकेच्या आवाजात. "तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या मध्ये मी दिवसभर टपाल वाहिलं, आनंदाने वाहिलं. पण तुझ्या आणि पेनायाच्या मध्ये कसला मान आडवा येतोय? हे तुझं तू सांग."

इसिकेलीने दोन्ही हात चटईवर टेकले आणि उठायला गेला. डाव्या पायाने साथ दिली नाही. तो अर्धवट उठून बाजूच्या खांबाला धरून उभा राहिला, आणि सगळ्यांनी ते बघितलं. त्याने लपवलं नाही.

"काका, सकाळी वर कोणीतरी म्हणालं, डोंगर कधी कोणाला काही सांगत नाही. पण मला त्याने आज सगळं सांगितलं, ते मी तुम्हाला सांगतो. माझा गुडघा ईस्टरपासून गेलाय. मी गावाला खोटं कारण दिलं. आज नाकावर मी लटकलो. माथा वर दहा मिनिटांवर होता, तिचा डोंगर दहा मिनिटांवर होता, आणि ती मला घेऊन खाली आली. वाट कुठली घ्यायची ते तिने माझं पाऊल ऐकून ठरवलं. मी मागून वाद घालत होतो. आत्ताही ती माझ्यासाठीच गप्प बसलीय. तुम्ही विचारता हो की नाही. मी कोण हो म्हणणार? कोरोमातुआ म्हणतोय, हो."

इसिकेलीच्या बायकोने तोंडाला पदर लावावा तसा कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा काठ लावला. पेनायाने एकदाच श्वास घेतला आणि म्हणाला, "नाव लिहून घ्या. तोरिका."

"आणि होडी?" मागून एक म्हातारा म्हणाला. "अशा पायाने लाटेत उड्या कोण मारणार?"

"मी!" वाइसाके उभा राहिला. "डोंगर गेला माझा, खुर्च्या गेल्या, आता उड्या तरी मारू द्या! तो सुकाणू धरेल, मी ओढेन. सुकाणू हाताने धरतात ना, की पायाने?"

मग मात्र सभागृह हसलं, मोकळं हसलं, आणि हसण्यात बऱ्याच जणांनी डोळे पुसून घेतले.

सभेला येताना तोरिकाने काठी आणून इसिकेलीच्या आणि बायकांच्या मध्ये चटईवर ठेवली होती. इसिकेली खाली बसला आणि त्याने ती दोन बोटांनी बाईंच्या गुडघ्यापर्यंत सरकवली. बाईंनी ती उचलली, गुळगुळीत टोकावरून एकदा तळहात फिरवला आणि वळून तोरिकाच्या मांडीवर ठेवली.

"हे टपाल मात्र पोचवते," त्या म्हणाल्या. "उलट टपाली काही आहे?"

तोरिकाने काठी दोन्ही हातांनी धरली.

"त्यांना सांगा, बाई, उद्या पहिल्या होडीने दवाखान्यात जायचंय. आणि होडीत चढताना उजवा पाय आधी टाकायचा."

बाईंनी सांगायला तोंड उघडलं.

"ऐकलं," इसिकेली म्हणाला.